एक एकर पत्रा आणि सोनईची डीपी

बारावीच्या फिजिक्समधलं एक चित्र तुम्हाला नक्की आठवत असेल. दोन समांतर रेघा. एकीवर अधिक-अधिक-अधिक, दुसरीवर उणे-उणे-उणे, आणि मधे एका मापाचे सरळ बाण. समांतर पट्टिका, मधलं विद्युत क्षेत्र सगळीकडे सारखं, क्षेत्रफळ भागिले अंतर, पाच मार्कांचं डेरिव्हेशन. सीईटी झाली, इंजिनीअरिंगला लागलो, पुढे जावा-डॉटनेटच्या नादाला लागलो आणि ते चित्र बहुतेकांच्या डोक्यातून कायमचं पुसलं गेलं.

पण हे चित्र पुस्तकातून निघून कुठे कुठे जाऊन बसलं याचा इतिहास मजेशीर आहे. ते ज्या ठिकाणी पोचलं त्यातलं एक ठिकाण म्हणजे सोनई. तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचं अहमदनगर, बोलताना अजूनही नुसतं नगर). शनिशिंगणापूरला गेला असाल तर सोनई अगदी शेजारी. शिंगणापूर घरांना दारं नसण्यासाठी प्रसिद्ध, सोनई मुळा सहकारी साखर कारखान्यासाठी. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी या बाजूला येतं. ऊस, कांदा, गहू, आणि जिकडे बघावं तिकडे विहिरी, बोअर आणि त्यांच्यावरच्या मोटारी. त्या मोटारींच्या स्टार्टरजवळ एक डबा असतो. किंवा असायला हवा असतो. सगळी भानगड त्या 'असायला हवा'मध्येच आहे.

तो डबा म्हणजे ते बारावीचं चित्र. गुंडाळलेलं.

बाटलीतली वीज

सुरुवात १७४५ साली. पोमेरेनियातला एक धर्माधिकारी, एवाल्ड फॉन क्लाइस्ट, घर्षणानं तयार केलेली वीज बाटलीत साठवता येते का बघत होता. हातात बाटली, बाटलीत खिळा. खिळ्याला दुसऱ्या हातानं शिवला आणि सणसणीत झटका बसला. काही महिन्यांत हॉलंडमधल्या लायडन शहरात प्रोफेसर मुशेनब्रोक यांच्याकडेही हाच प्रकार घडला. त्यांनी जानेवारी १७४६ मध्ये पॅरिसला पत्र लिहून कळवलं की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा अनुभव मी परत घेणार नाही. प्रयोगाची इतकी चांगली जाहिरात दुसरी नसेल, कारण त्यानंतर अख्ख्या युरोपानं तो करून बघितला! त्याच वर्षी नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि एका बाटलीच्या झटक्यानं सगळ्यांना एकदम उडवलं.

या बाटलीला लायडन जार म्हणतात. पण वीज बाटलीत नक्की कुठे साठते हे कुणालाच माहीत नव्हतं. बाटली आहे म्हणजे आत काहीतरी 'भरलं' असणार, असाच सगळ्यांचा समज. पाण्यात? काचेत? खिळ्यात?

अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननं यावर डोकं लावलं. त्यानं बाटलीचा आकारच काढून टाकला. खिडकीच्या काचेची अकरा तावदानं घेतली, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना शिशाचे पातळ पत्रे लावले, ती एकमेकांना जोडली आणि तेच काम करून दाखवलं. या जोडणीला त्यानं तोफखान्यातला शब्द दिला, बॅटरी. म्हणजे आकार महत्त्वाचा नाही, पाणी महत्त्वाचं नाही. दोन पत्रे आणि मधे काहीतरी, एवढंच पाहिजे. फ्रँकलिनचं म्हणणं होतं की गुण त्या मधल्या काचेचा आहे.

मग एपिनस आणि विल्के या दोघांनी बर्लिनमध्ये १७५० च्या दशकात काचही काढून टाकली. धातूनं मढवलेले दोन मोठे फळे समोरासमोर टांगले, मधे फक्त हवा. तरी झटका बसला. एपिनसनं हे सगळं गणिती पद्धतीनं १७५९ साली पुस्तकात मांडलं. (त्याच साली नगरचा किल्ला निजामाच्या किल्लेदाराकडून पेशव्यांच्या ताब्यात आला. तिकडे पत्र्यांच्या मधल्या जागेचा हिशेब चालला होता, इकडे किल्लेदाराच्या किमतीचा. असो.)

इथे खरं वळण आहे. दोन धातूचे पत्रे आणि मधे रिकामी जागा. लोक आयुष्यभर जे बाटलीत शोधत होते ते त्या रिकाम्या जागेत होतं.

लाखात एक

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, डेरिव्हेशन नाही.

एका पत्र्यावरचे काही इलेक्ट्रॉन काढून दुसऱ्यावर ठेवले की एकावर धन प्रभार राहतो, दुसऱ्यावर ऋण. हे एकमेकांना ओढतात, म्हणून दोन्ही प्रभार आपापल्या पत्र्याच्या आतल्या, म्हणजे समोरासमोरच्या तोंडावर येऊन बसतात. मोठ्या सपाट पत्र्याचं विद्युत क्षेत्र पत्र्यापासून लांब गेलं म्हणून लगेच कमी होत नाही, कारण त्याच्या रेषांना पसरायला जागाच नसते. त्या सरळ जातात, शेताच्या सरीतून पाणी जावं तशा. दोन पत्र्यांच्या मधे दोघांची क्षेत्रं एकाच दिशेला असतात, त्यांची बेरीज होते. बाहेरच्या बाजूला ती एकमेकांविरुद्ध असतात, वजाबाकी होऊन जवळजवळ शून्य उरतं. म्हणजे जे काय आहे ते सगळं मधल्या फटीत. फक्त कडेला रेषा थोड्या बाहेर फुगतात, बांधाला फुटलेल्या पाण्यासारख्या.

फट जितकी अरुंद आणि पत्रा जितका मोठा, तितका त्याच व्होल्टेजला जास्त प्रभार मावतो. पण किती मावतो हे बघितलं की धक्का बसतो. एक चौरस मीटरचे दोन पत्रे, मधे एक मिलिमीटर हवा, तर त्यांची क्षमता साधारण ८.८५ नॅनोफॅरड. अख्खा एक फॅरड हवा असेल तर? ११३ चौरस किलोमीटरचा पत्रा लागेल. सोनई आणि शिंगणापूर ही दोन्ही गावं मधल्या उसासकट त्याखाली झाकली जातील आणि वर बराच पत्रा उरेल.

दुसरी मर्यादा हवेची. एका मिलिमीटरमागे साधारण ३००० व्होल्ट झाले की हवा फुटते आणि ठिणगी पडते. म्हणजे हवेच्या फटीत पत्र्यावर जास्तीत जास्त जेवढा प्रभार राहू शकतो तो मोजला, तर तांब्याच्या पत्र्यावरच्या पृष्ठभागातल्या दर लाख अणूंमागे एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे गेलेला असतो. फक्त एक! 'लाखात एक' आपण सहज म्हणतो, इथे तो शब्दशः हिशेब आहे. आणि त्या लाखातल्या एकाच्या जोरावर ते दोन पत्रे एकमेकांना दर चौरस मीटरला चार किलो वजनाएवढ्या जोरानं ओढत असतात.

कंडेन्सर नावाचं भूत

१७८२ साली इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टानं या जोडीला नाव दिलं, कंडेन्सर. वीज दाट करणारा. पुढे इंग्रजीत ते नाव मागे पडून कॅपॅसिटर आलं, आणि पुस्तकी मराठीत धारित्र, संधारित्र वगैरे. पण आपल्याकडे पंखा हळू फिरायला लागला की मेकॅनिक काय म्हणतो? "कंडेन्सर गेलाय साहेब." व्होल्टाचा शब्द जवळजवळ अडीचशे वर्षांनंतर पंखे दुरुस्तीच्या टपऱ्यांवर जिवंत आहे. इतिहास असा कुठेही सापडतो बघा.

त्याच सुमारास लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचा एक विलक्षण लाजाळू आणि विलक्षण श्रीमंत माणूस घरी बसून हे सगळं मोजत होता. दोन पत्र्यांमधे काच, मेण वगैरे घातलं की क्षमता किती पटीनं वाढते हे त्यानं १७७० च्या दशकातच काढलं होतं. पण छापलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिला, टेस्ट केला आणि शंभर वर्षं चेक-इनच केला नाही! मॅक्सवेलनं त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या. तोवर १८३७ मध्ये फॅरडेनं तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून नाव मिळवलं होतं. फॅरडेचं म्हणणं साधं होतं. पत्र्यांकडे बघू नका, मधल्या माध्यमाकडे बघा. ताण तिथे आहे.

मॅक्सवेल त्याच्याही पुढे गेला. १८६० च्या दशकात त्यानं मांडलं की पत्र्यांमधलं क्षेत्र बदलत असलं, की त्या रिकाम्या फटीतून एकही इलेक्ट्रॉन जात नसतानाही ती फट चुंबकीय परिणामाच्या दृष्टीनं प्रवाह वाहत असल्यासारखीच वागते. यातूनच पुढे विद्युतचुंबकीय लहरी निघाल्या. रेडिओ, मोबाईल, वायफाय, सगळं. तुम्ही हे वाचताय त्यातही त्या फटीचा हात आहे.

पण आपल्याला वायफायकडे जायचं नाही. आपल्याला विहिरीकडे जायचंय.

मोटार आणि सावड

महाराष्ट्रात वीज तशी लवकर आली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. पण ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. खेड्यातल्या विहिरीपर्यंत तारा पोचल्या त्या प्रामुख्यानं १९६० नंतर. त्या साली राज्य आलं आणि त्याच साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे आपलं एमएसईबी. कोयनेची वीज १९६२ पासून. मोट गेली, ऑइल इंजिन आलं, मग तेही मागे पडून इलेक्ट्रिक मोटार आली. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन वाटपाचं काम महावितरणकडे गेलं. गावात मात्र अजून 'एमएसईबीवाले'च म्हणतात.

शेतातली मोटार म्हणजे बहुतेक वेळा थ्री फेज इंडक्शन मोटार. ३, ५, साडेसात एचपी. या मोटारीला दोन प्रकारची वीज लागते. एक, पाणी उपसायला. ही खर्च होते, हिचं युनिटमध्ये बिल होतं. दुसरी, आतमधलं चुंबकीय क्षेत्र उभं करायला. ही खर्च होत नाही. मोटार ती घेते आणि परत देते, घेते आणि परत देते, सेकंदाला शंभर वेळा. मीटर युनिट मोजतो, त्याला या देवघेवीचा पत्ताच नसतो. पण तारेला असतो! कारण नेताना आणि आणताना, दोन्ही वेळा प्रवाह तारेतूनच वाहतो आणि तार तापते.

आता दोन पत्र्यांची गंमत अशी की त्यांची देवघेव बरोबर उलट्या वेळी होते. मोटार जेव्हा घेते तेव्हा कॅपॅसिटर देतो, आणि मोटार जेव्हा परत करते तेव्हा कॅपॅसिटर ठेवून घेतो. त्यामुळे मोटारीच्या शेजारी कॅपॅसिटर बसवला, की ही उसनवारी दोघांच्या दोघांतच मिटते. सबस्टेशनपर्यंत जायची गरज नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार सोपं आहे, कारण त्याच्याकडे शब्द आहे, सावड. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. पैसे कुणी कुणाला देत नाही, पण काम होतं. मोटार आणि कॅपॅसिटर एकमेकांच्या सावडीला जातात. कॅपॅसिटर नसला तर मोटारीला सावड्या गावातून, पार लांबून बोलवावा लागतो, आणि रस्ता तुडवला जातो तो सगळ्यांचा.

आकडे बघू. ५ एचपीची मोटार, कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७५ धरू. पाणी उपसायची वीज ४.६६ किलोवॉट. देवघेवीची ४.१ केव्हीएआर. तारेवर एकूण भार ६.२ केव्हीए, म्हणजे प्रत्येक फेजमधून साधारण ८.६ अँपियर. ५ एचपीला साधारणपणे २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर सांगतात. तो लावला की भार ५.१ केव्हीए, प्रवाह ७.१ अँपियर. प्रवाह सहाव्या हिश्श्यानं कमी. आणि तारेचं तापणं प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून ते एक तृतीयांशानं कमी! १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर आधी अशा १६ मोटारी मावायच्या, आता १९ मावतात. नवा ट्रान्सफॉर्मर नाही, नवी तार नाही. एक डबा.

त्या डब्यात किती जमीन आहे?

आता माझा आवडता हिशेब. २ केव्हीएआर, ४१५ व्होल्ट, थ्री फेज. डब्यात तीन कॅपॅसिटर असतात, प्रत्येकी साधारण १२.३ मायक्रोफॅरड. हे जर एपिनसच्या पद्धतीनं, एक मिलिमीटर हवा ठेवून बनवायचे म्हटले तर किती पत्रा लागेल?

एका कॅपॅसिटरच्या प्रत्येक पट्टिकेचं क्षेत्रफळ १३९० चौरस मीटर. म्हणजे पावणेचौदा गुंठे. तिघांचं मिळून ४१ गुंठे. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर!

म्हणजे ५ एचपीच्या एका मोटारीला सावड द्यायला एक एकर रान वरून खालून पत्र्यानं मढवावं लागेल. शेतकऱ्यानं मग पीक घ्यायचं कुठे?

हा एकर डब्यात कसा आला, हा विसाव्या शतकाचा इतिहास. आधी मेणकागद आणि धातूचा वर्ख गुंडाळून कॅपॅसिटर बनवले. रेडिओच्या काळात अभ्रक आलं, आणि ते कोडरमाच्या खाणींमधून, म्हणजे भारतातूनच, जगभर जायचं. मोठ्या कॅपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं तेल भरायचे, ते विषारी निघालं आणि १९७० च्या दशकापासून बंद होत गेलं. मग आलं पॉलिप्रॉपिलिन. आपल्या सिमेंटच्या, खताच्या गोणीचं प्लास्टिक. त्याची सात मायक्रॉनची फिल्म, आणि तिच्यावर वाफेनं बसवलेला धातूचा थर, इतका पातळ की नॅनोमीटरमध्येच मोजावा.

फट एक मिलिमीटरवरून सात मायक्रॉनवर आली, आणि प्लास्टिकमुळे क्षमता आणखी २.२ पट वाढली. एक एकराचे झाले साधारण १३ चौरस मीटर. आपल्या टू बीएचकेमधली एक बेडरूम. ती गुंडाळली की हातात मावते. आणि त्या फिल्ममधलं क्षेत्र मीटरला आठ कोटी व्होल्टच्या वर जातं. हवा ज्या क्षेत्राला फुटते त्याच्या २८ पट. शेतातल्या पत्र्याच्या पेटीत हे चाललेलं असतं, गुपचूप, रोज.

साठते किती ऊर्जा? एका कॅपॅसिटरमध्ये अगदी भरल्या क्षणी दोन ज्यूलच्या आसपास. एक किलोची साखरेची पिशवी वीतभर वर उचलायला लागते तेवढी. पण सेकंदाला शंभर वेळा भरायची आणि शंभर वेळा रिकामी करायची. सावड अशीच असते, एका वेळी थोडी.

मग घोडं कुठे पेंड खातं?

इतकं स्वस्त, इतकं सोपं, मग सगळे का लावत नाहीत? महावितरण दर रब्बीत आवाहन करतं, कृषिपंपांना कॅपॅसिटर बसवा, ऑटोस्विच काढा. दर रब्बीत डीपी जळतात. (डीपी म्हणजे खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मर, गावचा शब्द.) डीपी जळाली की बदलून येईपर्यंत दिवस जातात आणि तेवढे दिवस गहू, कांदा वाट बघत उभा. शहरात दोन तास लाईट गेली तर आपण ट्विटरवर भांडतो. तिथे एक पाळी चुकली तर हंगाम हलतो.

शहरात बसून 'शेतकऱ्यांना कळत नाही' म्हणणं सोपं आहे. जरा हिशेब करून बघा. कॅपॅसिटरचा खर्च कुणाचा? माझा. त्यानं तार कुणाची थंड राहते? सगळ्यांची. मी लावला आणि उरलेल्या पंधरांनी नाही लावला, तर डीपी जळायची ती जळतेच. मी नाही लावला आणि बाकीच्यांनी लावला, तर माझं फुकटात भागतं. कृषिपंपांच्या बिलातून याचा काही इशारा मिळत नाही. मीटर नसेल तर बिल एचपीवर, मीटर असला तर युनिटवर. २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतचं बिलच नाही. उलट मोठ्या कारखान्यांना, म्हणजे उच्चदाब ग्राहकांना, १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे देवघेवीसकट बिल लागतं. तिथे कॅपॅसिटर बसवा असं कुणाला सांगावं लागत नाही, अकाऊंट्सवालेच मागे लागतात.

दुसरं, हा डबा मेला तर कळत नाही. फिल्ममध्ये बारीक भोक पडलं की आजूबाजूचा धातू वाफ होऊन उडतो आणि भोक आपोआप वेगळं पडतं. ही त्याची हुशारी. पण प्रत्येक वेळी पत्र्याचा एक ठिपका कमी होतो. काही वर्षांत एकराचे वीस गुंठे, वीसाचे पाच. मोटार तर चालूच असते, पाणी येतंच असतं. आपल्याकडे सर्व्हर मेला तर मेल येते. इथे एरर नाही, लॉग नाही, काही नाही.

आणि ऑटोस्विच? वीज आली की मोटार आपोआप चालू करणारी खुंटी. इंडक्शन मोटार सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते. १६ मोटारींचा चालू प्रवाह १३८ अँपियर, म्हणजे १०० केव्हीएची डीपी तशीही काठोकाठ. वीज आल्या आल्या सोळाही एकदम सुटल्या की ८०० अँपियरच्या वर. व्होल्टेज कोसळतं, कोसळल्यामुळे मोटारी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून प्रवाह उतरत नाही. आपण याला थंडरिंग हर्ड म्हणतो आणि त्यावर ब्लॉग लिहितो. (इथे कॅपॅसिटर काही करू शकत नाही हेही सांगायला हवं. त्याची मदत मोटार चालू झाल्यावर.)

पण शेतकरी ऑटोस्विच का लावतो? कारण वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. रात्री दोनला लाईट येणार, बाहेर थंडी, पायाखाली साप, आणि नगर जिल्ह्याच्या उसात बिबट्या. ऊस हेच बिबट्याचं जंगल झालेलं, त्याची पिल्लं उसातच जन्मतात. अशा वेळी मोटार चालू करायला विहिरीवर जा असं मी कुणाला सांगणार नाही. ऑटोस्विच हा आळस नाही, ती जीव वाचवायची सोय आहे. 'काढा' म्हणण्यापेक्षा 'प्रत्येकात वेगवेगळा उशीर घाला' हे जास्त बरं. दहा मिनिटांत कधीही, ज्याचं त्याचं नशीब. इथरनेटनं १९७० च्या दशकात हेच केलं, दोघं एकदम बोलले तर दोघांनी रँडम वेळ थांबायचं. सोळा मोटारी, प्रत्येकीचे सुरुवातीचे दोन-तीन सेकंद, दहा मिनिटांत विखुरले की एखाददुसरी टक्कर झाली तरी सगळ्या एकदम सुटणार नाहीत.

एकच डबा, दोन अवतार

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. भारनियमनाच्या काळात थ्री फेज बंद आणि घरांच्या दिव्यांपुरतं सिंगल फेज चालू असायचं. गावातल्या मेकॅनिकांनी काय करावं? कॅपॅसिटरच वापरून नसलेला फेज बनवला! पट्टिकांमुळे प्रवाह व्होल्टेजच्या पाव चक्र पुढे सरकतो, तो सरकलेला प्रवाह तिसऱ्या वाइंडिंगला दिला की मोटार फसते आणि फिरते. अभियांत्रिकी म्हणून दाद द्यावी अशी युक्ती. पण तिचा सगळा भार उरलेल्या तारांवर असमान पडतो. मोटार तापते, डीपीही तापते. म्हणजे ज्या डब्यानं डीपी वाचते त्याच डब्यानं ती जळतेही. डब्याचा दोष नाही. तो फक्त प्रभार इकडून तिकडे ठेवतो.

२००५-०६ च्या भीषण भारनियमनात अक्षय प्रकाश योजना निघाली. करार साधा होता. गावानं संध्याकाळी पंप चालवायचे नाहीत, बदल्यात घरात दिवे राहतील. लक्ष कोण ठेवणार? गावच. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची नोंद ती आहे, कारण तिच्यात कुठलंही नवीन यंत्र नव्हतं. डीपी ही सोळा जणांची सामाईक वस्तू आहे हे सोळा जणांनी एका बैठकीत मान्य करणं, एवढंच होतं. ज्या भागात साखर कारखाने सहकारातून उभे राहिले, तिथे सोळा डब्यांचा सहकार अवघड का असावा?

आता सौर पंप येताहेत, 'मागेल त्याला सौर कृषिपंप' २०२४ पासून. पाणी दिवसा, बिबट्याची भीती कमी, डीपीची गरजच नाही. मग कॅपॅसिटर गेला का? नाही. सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये पॅनेल आणि मोटार यांच्या मधे एक कॅपॅसिटर बसलेला असतोच. मोटारीची ती देवघेव पेटीतच मिटते. फरक एवढाच की तो बसवायचा की नाही हे आता शेतकऱ्याला ठरवावं लागत नाही, तो पेटीतच येतो. चांगला डिफॉल्ट हजार आवाहनांपेक्षा जास्त काम करतो, हे आपल्या धंद्यातल्यांना नव्यानं सांगायला नको.

पण नेवासा तालुक्यातल्या, आणि राज्यातल्याही, सगळ्या विहिरी काही उद्या सौर होणार नाहीत. तोवर सोळा मोटारी आणि एक डीपी हा हिशेब चालूच राहणार. पुढच्या वेळी शिंगणापूरला गेलात तर सोनईजवळ गाडी जरा हळू करा आणि उसाच्या कडेला एखादी स्टार्टरची पेटी दिसली तर तिच्याकडे बघा. आत डबा असला तर समजा, त्या माणसानं आपल्या शेजाऱ्यांसाठी एक एकर जास्तीचं रान कसलंय. दिसत नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही, पण आहे.